उजवी बाही

खालापूरच्या अबूबकर शिंप्यांना चारचौघांत बोलताना फारसं कुणी ऐकलं नव्हतं. त्याला एक साधं कारण असं, की त्यांच्या दातांत कायम दोरा असायचा. कुणी काही विचारलं तर ते मान हलवायचे. होकार असला तर खाली-वर, आणि नकार असला तरी जवळजवळ तशीच. त्यामुळे त्यांनी कुणाला कधी नाही म्हटल्याचं कुणाच्या ध्यानात नव्हतं. गोदा मात्र पार म्हातारी होईपर्यंत सांगायची, की त्या माणसानं एकदा नाही म्हटलं होतं, आणि ते माझ्यासाठी म्हटलं होतं.

अबूबकरांचे आजोबा श्रीवर्धनाकडून सुकी मासळी विकायला वर आले आणि खालापुरातच राहिले. नातवाला मासळीचा वास सोसेना, म्हणून बापानं त्याला शिंप्याच्या हाताखाली घातलं. पुढे त्यांनी हातानं फिरवायचं एक मशीन घेतलं. लग्नसराई जवळ आली की ते मशीन लाकडी पेटीत घालायचं, पेटी डोक्यावर घ्यायची, खोपोलीला गाडी धरून कर्जतला उतरायचं आणि कोंडाण्याच्या लेण्यांकडच्या वाटेवरची गावं पायी करायची, असा त्यांचा नेम होता. ज्या घरी लग्न त्या घरच्या ओटीवर सहा-आठ दिवस मुक्काम. नवऱ्या मुलाचा सदरा, वरबापाची बंडी, आणि भावकीतल्या बायकांच्या ढीगभर चोळ्या.

परक्या शिंप्यानं बाईच्या अंगाला टेप लावायची तेव्हा रीत नव्हती. खणाबरोबर आपली एक जुनी, अंगात नीट बसणारी चोळी पाठवायची. तिला मापाची चोळी म्हणायचे. अबूबकर ती समोर पसरायचे, वीत-बोटांनी मोजायचे आणि कापायला घ्यायचे. त्यांचं माप बोटभरसुद्धा चुकत नसे. पण त्यांची एक खोड होती. उजव्या बाहीला ते आधी नुसता कच्चा टाका घालायचे. चोळी आत पाठवायची, बाईनं घालून बघायची, आतून ‘बरोबर हाय’ असा निरोप आला की मगच ती बाही मशीनवर पक्की व्हायची. त्याआधी ते चोळी हातावेगळी करत नसत.

बायका त्यावरून त्यांची थट्टा करायच्या. गोदा तर हमखास.

“काका, केस पिकले की वो तुमचे. अजून आपल्या कैचीवर भरवसा नाय?”

“कैचीवर हाय बाय,” दातांतला दोरा न काढता अबूबकर म्हणायचे. “माझ्यावर नाय.”

गोदा ही त्या वाटेवरच्या एका गावातल्या सखाची बायको. सखा मुंबईला गोदीत कामाला होता, महिन्या-दोन महिन्यांनी घरी यायचा. घरी सासू अंबाबाई आणि गोदा अशा दोघीच. त्यांच्या घराखालची जागा मालोजी पाटलांची, आणि कसायला होती ती दोन खाचरंही त्यांचीच. गोदा अंगानं काटक, तोंडानं फटकळ, आणि हसायला लागली की नदीपलीकडच्या गुराख्याला ऐकू जायचं.

मालोजींचा मुलगा जयवंत पुण्याला कॉलेजात होता. हुतूतूमध्ये त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. कॉलेजच्या संघाचा तो कप्तान होता आणि त्याचं नाव एकदा पुण्याच्या वर्तमानपत्रात छापून आलं होतं. गुरुजींनी ते कात्रण शाळेच्या भिंतीवर चिकटवलं होतं. ज्यांना वाचता येत नव्हतं तेही ते बघून यायचे.

१९४४ च्या नाताळच्या सुट्टीत जयवंत घरी आला. भाताची कापणी होऊन खाचरं मोकळी झाली होती. तिथं गावच्या पोरांचा आणि ठाकुरवाडीच्या पोरांचा हुतूतूचा डाव लागला. जयवंत चढाईला गेला आणि नवशा नावाच्या एका काडीसारख्या ठाकर पोरानं त्याचा पाय असा काही धरला, की त्याचा दम तिथंच तुटला आणि कप्तान तोंडावर पडला. बांधावर बायका बसल्या होत्या. गोदा ओरडली,

“अगं बया! पुन्याचं दूध-तूप सगळं नवशाच्या मुठीत ऱ्हायलं की गं!”

सगळा बांध हसला. पुरुषही हसले. जयवंत अंगाची माती झटकून हसल्यासारखं करत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर गोदा गवताचा भारा डोक्यावर घेऊन कर्जतच्या वाटेनं चालली होती. जयवंत रोज पळण्याचा सराव करायचा, तो समोरून आला आणि थांबला.

“काल काय म्हनालीस?”

त्याला अजून ते लागून राहिलंय हे गोदाला कळलंच नाही. एकाच आळीतलं पोरगं. तिला वाटलं थट्टाच चाललीय. ती म्हणाली, “का रं, नवशा पुन्हा दिसला काय?” आणि हसली.

त्यानं तिचा उजवा हात धरला आणि पाठीमागं नेऊन पिळला. हुतूतूत गडी धरून ठेवायला शिकवतात तसा. भारा पडला. कोपरात काहीतरी कडकन वाजलं ते तिला ऐकू आलं. मग त्यानं तिला ढकलून दिलं, पडल्यावर वरून लाथ घातली आणि आला तसा पळत पुढं गेला. गोदा बराच वेळ गवतावरच बसून राहिली. भारा उचलून डोक्यावर देणारं कुणी नव्हतं आणि असतं तरी हात वर होत नव्हता. ती तशीच घरी आली.

अंबाबाईनं हळद आणि चुना लावून हात फडक्यानं बांधला. दिवेलागणीला मालोजींचा गडी निरोप घेऊन आला. पोरगं रागाच्या भरात चुकलं, एक थापड मारली म्हणतंय. पण कर्जतला डॉक्टरकडे जाऊ नका. डॉक्टर कागद करतो आणि कागद चौकीत जातो. घराखालच्या जागेचं त्यानं काही काढलं नाही. काढायची गरजही नव्हती.

त्या दिवसापासून गोदा घराबाहेर पडली नाही, आणि गाव बोलायला लागलं.

नदीवर धुणं धुताना बायका बोलायच्या, पारावर पुरुष बोलायचे, आणि कर्जत स्टेशनबाहेरच्या चहाच्या टपरीवर तर ज्यांनी गोदाला कधी बघितलं नव्हतं तेही बोलायचे.

“एका थापडीपायी एवढ्या खेळाडू पोराचं नुस्कान करायचं काय?”

“बाईनं हसावं कशाला पन गड्याला?”

“हसली म्हनून मारायचं? मग तुला तर मी रोज हसतो. तू मला कवा मारनार ते सांग, म्हंजे पागोटं काढून बसतो.”

“अरं, आपल्या तालुक्याचं नाव हाय ते!”

“मंग त्या नावाला सांग की हात आवरायला.”

कॉलेजात कर्जतचाच आणखी एक विद्यार्थी होता. त्याच्या तोंडून गोष्ट पुण्याला पोचली आणि तिथंही दोन तट पडले. काही मुलांनी प्रिन्सिपॉलसाहेबांकडे अर्ज केला, की बाईवर हात टाकणारा आम्हाला कप्तान नको. त्याहून जास्त मुलांनी दुसरा अर्ज केला, की खेळाडूच्या गावाकडच्या भानगडीत कॉलेजनं पडू नये, आणि माघातले सामने त्याच्याशिवाय जिंकता येणार नाहीत. साहेबांनी गावाला पत्र धाडलं. काय घडलं ते पंचांनी लिहून कळवावं. तोवर जयवंतला संघात घेता येणार नाही.

हे पत्र आलं आणि गावाची झोप उडाली. मारहाणीला तीन आठवडे होत आले होते आणि माणसं तावातावानं बोलत होती. कुणी जयवंतच्या बाजूनं, कुणी गोदाच्या. पण त्या तीन आठवड्यांत गोदाचा हात कुणी बघायला गेलं नव्हतं. जयवंतच्या बाजूचे गेले नाहीत हे समजण्यासारखं होतं. तिच्या बाजूनं भांडणारेही गेले नाहीत.

पंचांमध्ये वडीलधारे होते भिवाजी नाना. मनानं वाईट नव्हते, पण गावात तंटा नको हा त्यांचा जन्माचा ध्यास होता. त्यांनी जुनी रीत सुचवली. आगळीक करणाऱ्यानं बाईला लुगडं-चोळी करायची, बाईनं ती नेसून सगळ्यांसमोर त्याला ओवाळायचं आणि भाऊ म्हणायचं. मग तंटा मिटला. त्यावर कुणी पुन्हा बोलायचं नाही. गुरुजी तसा कागद लिहून देतील: किरकोळ गैरसमज झाला होता, आता उभयतांत बहीण-भावाचं नातं आहे. खाली पंचांच्या सह्या आणि गोदाचा अंगठा.

सगळ्यांना ही तोड आवडली. युद्धापायी कापडाला कंट्रोल लागला होता, नवं लुगडं डोळ्यांना दिसत नव्हतं. मालोजींनी खटपट करून हिरवं लुगडं आणि खण मिळवला तेव्हा दोन बायका तर म्हणाल्यासुद्धा, की गोदानं नशीब काढलं.

सखा मुंबईहून आला. रात्री गोदा त्याला म्हणाली, “मी त्याला भाऊ म्हनू? आन् ओवाळू? कंच्या हातानं?”

सखानं फडक्यात बांधलेल्या हाताकडे बघितलं आणि नजर फिरवली. “घे गं लुगडं,” तो म्हणाला. “हितनं उठवलं तर आईला घेऊन कुटं जानार हाव आपन?”

 सकाळी अंबाबाईनं गोदाची मापाची चोळी मालोजींच्या गड्याकडे दिली.

मालोजींच्या मुलीचं लग्न माघात होतं, त्यामुळे अबूबकर दोन दिवसांपासून त्यांच्याच ओटीच्या कोपऱ्यात मशीन मांडून बसले होते. वर्षातलं सगळ्यात मोठं काम त्यांना याच घरून मिळायचं. गड्यानं हिरवा खण आणि जुनी चोळी पुढ्यात टाकली. चोळी त्यांनीच दोन वर्षांपूर्वी शिवलेली होती. कुणाची, ते त्यांनी विचारलं नाही. आपला टाका ते ओळखत होते.

रविवारी सकाळी मालोजींच्या अंगणात गाव जमलं. पुरुष अंगणात, पंच ओटीवर, बायका माजघरात. गोदाला अंबाबाईनं पदराखाली झाकून मागच्या दारानं आणून बसवलं होतं. माजघराचं दार अर्धं उघडं होतं, तिथून ओटीचा कोपरा दिसत होता. गुरुजींच्या मांडीवर लिहिलेला कागद तयार होता. जयवंत पांढरा सदरा घालून खांबाला टेकून उभा होता. गोदाला वाटलं, आता थोडाच वेळ. एकदा ताट हातात घ्यायचं, भाऊ म्हणायचं, की आपल्याला काही झालंच नव्हतं असं होऊन जाईल. मग उद्या दुखलं तरी ते कशानं दुखतंय हे सांगायची सोय राहणार नाही. 

“द्या अबूमियाँ ती चोळी,” मालोजी म्हणाले.

अबूबकरांनी दोरा दातांतून काढला. “बाही कच्ची हाय अजून. घालून बघितल्याबिगर पक्की करत नाय मी.”

अंगणात हशा पिकला. “द्या रं आत! म्हाताऱ्याची खोड मेल्याबिगर जायची नाय.”

चोळी आत आली. अंबाबाईनं फडकं सोडलं. कोपर पपनसासारखं सुजलं होतं, काळंनिळं पडलं होतं, आणि हात अर्धा वाकलेला होता तो सरळ होत नव्हता. भोवतालच्या बायका मागं सरकल्या. डावी बाही चढली. उजवी मनगटावरून पुढे गेली आणि अडली. अंबाबाईनं हळूच ओढली, मग तोंड फिरवून जरा जोरात ओढली.

“आई गं!”

तीन आठवड्यांत घराबाहेरच्या कुणी गोदाचा आवाज ऐकला तो हा पहिला. तो बाहेर अंगणाच्या टोकापर्यंत गेला.

अंबाबाई दाराआड उभी राहून म्हणाली, “बाही बसत नाय.” आणि तिनं चोळी बाहेर दिली.

 मग मालोजी म्हणाले, “मियाँ, माप चुकलं तुमचं. होतं असं वयानं. उसवा आन् दोन बोटं वाढवा. शिवनीच्या आत कापड सोडलंय ना?”

“सोडलंय.”

“मंग बसा की उसवत. माणसं किती वेळ ताटकळत ठेवायची?”

अबूबकरांनी कैची उचलली. गोदाला दाराच्या फटीतून त्यांचा हात दिसत होता. नुसता कच्चा टाका, एकदा कैची चालवली की सुटला असता. त्यांनी बाही चिमटीत धरली, कैचीचं टोक टाक्याखाली घातलं, आणि तसेच थांबले. मग कैची खाली ठेवली.

“नाय,” ते म्हणाले.

“काय नाय?”

“उसवत नाय मी.”

“का?”

“माप चुकलेलं नाय पाटील.” त्यांनी मापाची जुनी चोळी ओटीवर पसरली आणि तिच्यावर नवी पसरली. बाहीवर बाही, शिवणीवर शिवण. “नाना, हितं या. बोट लावून बघा. दोन वर्सांमागं मी ही शिवली, ती तिच्या अंगात बसत हुती. ही नवी तेवढीच हाय. चोळी तीच हाय, हात तो ऱ्हायला नाय.”

“मियाँ, कुनाच्या ओटीवर बसून बोलताय?”

“तुमच्याच वो. आन् ह्या ओटीवरनं चुकीचं माप मी कवा दिलं नाय.” अबूबकरांनी दोन्ही चोळ्या नानांच्या बाजूला सरकवल्या.  “बाही मोठी केली म्हंजे माझं चुकलं असं व्हतंय. माझं चुकलं असंल तर गावानं मला पुन्हा बोलवू नगं. पन आदी कुनीतरी आत जाऊन त्या पोरीचा हात बघा. थापड म्हनताय तुमी. थापडीनं बाही अडत नाय.”

एवढं बोलून ते खाली बघत बसले. त्यांच्या आयुष्यातलं हे सगळ्यात लांब बोलणं असावं.

भिवाजी नानांनी दोन्ही चोळ्यांवर बोट फिरवलं. एकदा फिरवलं, पुन्हा फिरवलं. मग दाराकडे तोंड करून म्हणाले, “गोदे, पोरी, बाहेर ये.”

अंबाबाईनं तिचा पदर धरला. गोदानं तो सोडवून घेतला आणि ती बाहेर आली. हातावर फडकं नव्हतं. उन्हात तो हात सगळ्या गावानं बघितला. जे तिच्या बाजूनं तीन आठवडे भांडले होते त्यांनाही तो बघवेना. सखा मागच्या रांगेत बसला होता, तो उठून तिच्याजवळ येऊन उभा राहिला.

“जयवंता,” नाना म्हणाले, “कुटं मारलीस रं थापड? दाव मला.”

जयवंतनं हाताकडे बघितलं. त्याचा चेहरा उतरला. “मी पिळला,” तो म्हणाला. “एवढं झालं असंल असं वाटलं नाय मला.”

“लाथ पन मारली,” गोदा म्हणाली. “ते पन सांग.”

 कुणीही जयवंतसाठी बोललं नाही.

नाना गुरुजींकडे वळले. “फाडा तो कागद. दुसरा लिवा. बगितलं तेवढंच लिवा, एक अक्षर कमी नगं आन् जास्त नगं.”

मालोजी म्हणाले, “नाना, पोराचं वर्स जाईल!”

“जाईल. तिचा तर हात गेलाय. आन् मालोजी, ह्या पोरीच्या घराला किंवा खाचराला बोट लागलं, तर माझ्या भावकीतलं कुनी तुझ्या दारात पाय ठेवनार नाय. लग्नाला जेवायला कोन येतंय ते मंग बघ.”

गुरुजींनी नवा कागद लिहिला. बाईमाणसाचा उजवा अंगठा घ्यायची रीत, पण तो हात कागदापर्यंत जाईना. नाना म्हणाले, डावा घ्या. गुरुजींनी खाली टीप लिहिली, की उजवा हात दुखावला असल्याकारणाने डावा अंगठा घेतला आहे. त्या एका ओळीनं प्रिन्सिपॉलसाहेबांना बाकीच्या पानापेक्षा जास्त कळलं असेल.

नानांनी आपली बैलगाडी जुंपायला लावली. गोदा, सखा आणि अंबाबाई कर्जतला डॉक्टरकडे निघाले. ओटीवर मालोजी अबूबकरांना म्हणत होते, “उचला तुमचं मशीन. राहिलेलं दुसऱ्याकडनं करून घेऊ.” अबूबकरांनी मान हलवली, खाली-वर.

वाटेत गाडी त्यांच्या मागून आली. ते पेटी डोक्यावर घेऊन चालले होते. सखानं गाडी थांबवायला सांगितली आणि पेटी त्यांच्या डोक्यावरून उतरवून गाडीत ठेवली. या, बसा, असंही म्हटलं. पण गाडीत बायका आहेत म्हणून ते बसले नाहीत, मागून चालत आले. गोदाला त्यांना काहीतरी म्हणायचं होतं. प्रत्येक खड्ड्याला हातातून कळ निघत होती आणि शब्द राहून जात होते. कर्जतला पोचल्यावर सखानं पेटी पुन्हा त्यांच्या डोक्यावर दिली आणि ते स्टेशनाकडे गेले.

डॉक्टरांनी सांधा निसटला आहे आणि उशीर झाला आहे असं सांगितलं. त्यांना जमण्यासारखं नव्हतं, म्हणून त्यांनी चिठ्ठी देऊन कल्याणला पाठवलं. तिथं भूल देऊन सांधा बसवला, सहा आठवडे हात गळ्यात राहिला. जयवंतला कॉलेजनं त्या वर्षापुरतं खेळातून काढलं, वसतिगृहातूनही काढलं. कॉलेज सामने हरलं म्हणतात. वाद काही संपला नाही. कर्जतच्या टपरीवर कुणी ना कुणी म्हणायचंच, की एका शिंप्यानं तालुक्याचा खेळाडू बुडवला. पण आता समोर कुणीतरी असायचं, जो म्हणायचा, “मी हात बघितलाय. तू बघितलाय काय?” मग बोलणं दुसरीकडे वळायचं. मालोजींनी गोदाच्या घराला हात लावला नाही.

चैत्रात हात गळ्यातून निघाला, तशी गोदा सखाला म्हणाली, “खालापूरला जाऊन येऊ.”

पत्ता विचारत ते दोघं मशिदीच्या मागच्या आळीत पोचले. अबूबकर पडवीत मशीनवर बसले होते. दोघांना बघून ते इतके गडबडले, की उठताना मांडीवरचं कापड, दोऱ्याचं रीळ आणि चष्मा सगळंच खाली गेलं.

“बसा, बसा,” ते म्हणाले, आणि स्वतः उभेच राहिले.

आतून त्यांची बायको कमरजहाँ आली. “ही गोदा काय? अगं बाई, ये! तुझ्यापायी ह्यांना तीन दिवस ताप आला हुता, ठावं हाय?”

“गप गं,” अबूबकर म्हणाले.

“गप कशाला? घरी आले ते पेटी ठिवली आन् अंथरुणात. मी म्हनलं काय झालं, तर म्हनतात, मी भांडलो. मी म्हनलं, तुमी? कुनाशी, बकरीशी?”

सखा हसला. गोदाही हसली, कितीतरी दिवसांनी, आणि शेजारच्या पडवीतल्या माणसानं वळून बघितलं.

येताना गाडीत तिनं काय काय म्हणायचं ते ठरवलं होतं. तुमच्यामुळं हात राहिला. तुमच्यामुळं मला त्याला भाऊ म्हणावं लागलं नाही. तुमचं काम गेलं ते माझ्यापायी गेलं. समोर बसल्यावर त्यातलं काहीच सुचेना. ती नुसती म्हणाली, “काका, तुमी लई केलंत.”

अबूबकरांनी मान हलवली. या वेळी ती आडवी हलली. “नाय पोरी. तुला ठावं नाय. मी उसवनारच हुतो. कैची लावली हुती टाक्याला. मोठं गिऱ्हाईक, घरात खाती तोंडं... मनात म्हनलं, आपल्याला काय करायचंय. मंग तू आत वरडली हुतीस ना, ते कानातनं जाईना.” ते जमिनीकडे बघत होते. “तवा उगा माझे उपकार मानू नगंस. थोडक्यात वाचलो मी, न्हायतर चुकलोच हुतो.”

“मला ठावं हाय,” गोदा म्हणाली. “मी फटीतनं बघत हुते.”

त्यांनी वर बघितलं.

“सगळी गावची मानसं तितं बसली हुती काका. एकाचीबी काय चुकायची पाळी आली नाय, कारन कुनी काय करतच नव्हतं. तुमी थांबलात. आमाला तेवढंच पुरलं.”

 अबूबकरांनी खाली पडलेलं रीळ उचललं आणि ते दोरा गुंडाळत बसले. कमरजहाँनं डोळ्यांना पदर लावला आणि लगेच आवाज मोठा करून म्हणाली, “बरं, वेळ किती झाली बघा. तांदळाची भाकरी हाय, वालाचं बिरडं हाय.” मग जरा अडखळली. “म्हंजे... आमच्या घरचं तुमाला चालत असंल तर.”

गोदानं सखाकडे बघितलं. सखा आपल्या पायांकडे बघत होता. गावात असं कुणी जेवल्याचं त्या दोघांनी कधी ऐकलं नव्हतं.

“वाढा काकी,” गोदा म्हणाली. “भूक तर लई लागलीय.”

ती उजव्या हातानं जेवली. हात पुरता सरळ होत नव्हता, पण घास तोंडापर्यंत जात होता. कमरजहाँ वाढता वाढता तेवढंच बघत होती. तिनं तिसरी भाकरी टाकली ती गोदानं नको नको म्हणत खाल्ली, आणि चौथी न विचारता टाकली तीही तिनं खाल्ली.

दोघं खोपोलीच्या वाटेला लागली. सखा म्हणाला, “आईला काय सांगायचं गं?”

“काय सांगायचं म्हंजे? जेवलो म्हनून सांगायचं.”

“रागवंल ती.”

“रागवू दे. मंग सांगायचं, बिरडं तुझ्यापेक्षा चांगलं करतात. म्हंजे जेवनाचं इसरंल, आन् बिरड्यावरनं भांडत बसंल.”

सखा हसायला लागला. गाडीला अजून वेळ होता, तरी दोघं भराभर चालत होती.